मी चिंधूचा हात मोडला

मी ट्रॅक्टर बोलतोय. वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या अलीकडे एका शेतात बांधाच्या कडेला उभा आहे. माझं कौतुक सांगावं असं माझ्याकडे फार काही नाही. पण एका माणसाविषयी सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर आधी थोडं माझंही सांगायला हवं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातला. लढाईच्या दिवसांत मला बोटीत घालून इकडे आणलं आणि विमानं उतरायची जमीन सपाट करायच्या कामाला जुंपलं. लढाई संपली, तसा मी लष्कराला नकोसा झालो. लिलावाच्या मैदानात माझ्यासारखे चाळीसेक उभे होते. प्रभाकरराव आले. त्यांनी माझ्या चाकांना लाथ मारून पाहिली, बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारतात तसा माझा पत्रा थोपटला आणि म्हणाले, "हा घेऊन टाकू."

गावात माझं स्वागत मोठं झालं. प्रभाकररावांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं. पोराबाळांनी झेंडूची माळ घातली. उन्हाळ्यात मी काळी जमीन हातभर खोल नांगरली, तेव्हा बांधावर माणसं जमून पाहत होती.

मग पहिला हिवाळा आला आणि मी मुका झालो.

थंड देशात जन्मलेल्याला थंडी बाधू नये, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पौषातल्या पहाटे माझ्या पोटातलं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट व्हायचं, आणि ठिणगी पाडणारा माझा डबा दवानं ओला व्हायचा. मी आधी पेट्रोलवर सुरू व्हायचो, तापलो की मला रॉकेल पाजायचे. पण तापायला आधी पेटायला तर हवं! चार-चार गडी माझ्या नाकाशी असलेलं हँडल फिरवून थकायचे. एका सकाळी प्रभाकररावांनी चिडून बैलाला टोचायची तुतारी उचलली आणि माझ्या पत्र्यावर सपासप मारली. गडी खाली मान घालून हसले. मला लागलं नाही, पण मालक कसा आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मग वर्ध्याच्या मोटारस्टँडवरून लहानूला आणलं. तिशीचा, काटक, बोटांना कायम ग्रीसचा वास. तो माझा ड्रायव्हर झाला. त्यानं माझी नस बरोबर पकडली. माझ्या स्टिअरिंगखाली बोटभर लांबीचा एक दांडा आहे. तो मागे ओढला की ठिणगी उशिरा पडते, पुढे ढकलला की लवकर पडते. लहानू त्याला 'कान' म्हणायचा. सुरू करताना कान मागेच हवा. पुढे राहिला, तर फिरता-फिरता मी भलत्या वेळी पेट घेतो आणि उलटा फिरतो. मग माझ्या नाकाशी असलेलं हँडलही उलटं फिरतं, आणि ते ज्याच्या हातात असेल त्याची खैर नसते.

थंडीत हँडल मारून लहानूचा खांदा दुखायचा. म्हणून त्यानं ते काम चिंधूला शिकवलं.

चिंधू हा प्रभाकररावांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. लांब हाताचा, कमी बोलणारा. राहायला गावाबाहेरच्या वस्तीत, बायको पंचफुला आणि म्हातारा बाप रामाजी यांच्यासोबत.

"अंगठा बोटाच्या बाजूनंच ठेवजो," लहानू त्याला सांगायचा. "मूठ आवळू नोको. खालून वर ओढजो, वरून खाली दाबू नोको. आन सगळ्यात आधी काय पाह्यशीन?"

"कान मागं हाये का ते."

"हां. ते इसरला तं मेला."

चिंधू विसरणाऱ्यांतला नव्हता. हँडल हातात घ्यायच्या आधी तो दर वेळी मला वळसा घालून यायचा, बोटानं कान मागे असल्याची खात्री करायचा आणि मगच माझ्यासमोर वाकायचा. त्याच्या हाताला एक लय होती. चार वेळा हळू, नुसतं आतलं तेल हलवायला, आणि पाचव्यांदा झटका. लहानूसाठी मी पंधरा झटके घ्यायचो. चिंधूसाठी पाच-सहात बोलायचो. का, ते मला सांगता येणार नाही.

पंचफुलेचीही एक युक्ती होती. ती पहाटे आपल्या चुलीतले कापसाच्या पऱ्हाट्यांचे निखारे घमेल्यात घालून आणायची आणि माझ्या पोटाखाली सरकवायची. सुलोचनाबाईंच्या चुलीतले निखारे वस्तीतल्या बाईला मिळत नसत, म्हणून ती गावाला वळसा घालून आपलेच आणायची. तिच्या घरात तेवढीच एक शेकोटी. रामाजी म्हातारा एकदा घमेल्यामागोमाग काठी टेकत वाड्याच्या फाटकापर्यंत आला आणि प्रभाकररावांना म्हणाला, "मालक, त्या लोखंडाले थंडी वाजते, मंग मले नाई वाजत का जी?"

प्रभाकरराव हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी घोंगडी आणली. ती माझ्या इंजिनावर घातली.

लहानू आणि चिंधूचं चांगलं जमायचं. मी सुरू झालो की दोघं जरा वेळ माझ्या उबेला उभे राहायचे. लहानू बिडी ओढायचा. अर्धी झाली की ती माझ्या मडगार्डवर ठेवून बाजूला व्हायचा. मग चिंधू ती उचलायचा. हातातून हातात बिडी कधी गेली नाही. पाच-सहा वर्षं रोज ती मडगार्डवरूनच गेली आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सन छप्पन्नच्या दसऱ्याला चिंधू आणि पंचफुला पांढरे कपडे घालून नागपूरला गेले. तीन दिवसांनी परतले. चिंधूची चाल तीच होती, बोलणंही तेवढंच. पण पहिल्या सकाळी लहानूनं अर्धी बिडी मडगार्डवर ठेवली, आणि चिंधूनं खिशातून स्वतःची काढून पेटवली.

लहानूनं पाहिलं. मडगार्डवरची बिडी जळत-जळत विझली.

"काऊन बे? माह्या बिडीनं तोंड भाजते का आता?"

"नाई भाऊ," चिंधू म्हणाला. "माह्याजवळ हाये ना. तुले पाह्यजे तं घे." आणि त्यानं आपला बिडीचा कट्टा पुढे केला. हातातून हातात.

लहानूनं तो घेतला नाही. राग म्हणावा असा काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. तो फक्त बावरला.

त्याच थंडीत लहानू गिरडच्या दर्ग्याला नवस फेडायला गेला. दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेला आणि त्यानं लावले चार. इकडे गव्हाला पाणी हवं होतं. माझ्या बगलेतल्या चाकावर पट्टा चढवून वाड्यामागच्या विहिरीवरचा पंप चालवायचे. चारही दिवस चिंधूनं मला एकट्यानं सुरू केलं, पट्टा चढवला, पेट्रोल बंद करून रॉकेलवर घेतलं आणि संध्याकाळी बंद केलं. गव्हाचा एकही वाफा कोरडा राहिला नाही.

लहानू परतला तेव्हा प्रभाकरराव मफलर गुंडाळून अंगणात उभे होते. भोवती पाच-सहा गडी.

"आले का पाहुणे?" ते म्हणाले. "पाह्य लहानू, चार दिवस तुह्यावाचून काही अडलं नाई. सुरू चिंधू करते, बंद चिंधू करते. मंग सीटवर बसाले तू कायले पाह्यजे? सोमवारपासून चिंधूच बसन. तू जाजो गिरडले."

गडी हसले. लहानूही कसनुसा हसला. चिंधू हसला नाही. त्यानं ते खरं मानलं.

मी त्याला सहा वर्षं पाहत होतो. माझ्या सीटला त्यानं हजारदा फडकं मारलं असेल, पण तो कधी तिच्यावर बसला नव्हता. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं सीट पुसली आणि तिच्यावर तळहात टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. बसला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, पंप चालू असताना तो लहानूकडे गेला. माझ्या आवाजामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"लहानूभाऊ, मले तुही जागा नोको. मी मालकाले सांगतो, लहानू गेला तं मी बी बसत नाई. दोघंबी राहू. तू फक्त मले चालवाचं शिकव. कधी तू बिमार पडला, कधी गावाले गेला, तं मी सांभाळन. बाकी गाडी तुहीच."

लहानू पट्ट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्या सकाळी ये. शिकवतो."

"खरंच?"

"येजो म्हटलं ना."

सोमवारी गारठा असा होता की विहिरीच्या कठड्यावरचं दव बोटाला चटका देत होतं. लहानू रोज चिंधूच्या मागून यायचा. त्या दिवशी तो आधी आला. त्यानं माझ्या इंजिनावरची घोंगडी काढली नाही. तो सीटवर चढून बसला, घोंगडीचं टोक ओढून स्टिअरिंगवर घेतलं आणि तिच्या आडून हात घालून कान पुढे ढकलला. पूर्ण पुढे. मग हात काखेत घालून बसला. त्याचे दात वाजत होते.

चिंधू आणि पंचफुला आले. चिंधूनं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. पंचफुलेच्या डोक्यावर रोजच्यापेक्षा भरलेलं घमेलं होतं.

"आज मोठा दिवस हाये, लहानूभाऊ," ती म्हणाली. "म्हणून इस्तो बी मोठा आनला." तिनं निखारे माझ्या पोटाखाली नीट पसरले आणि वारा लागू नये म्हणून भोवती पोतं धरलं. त्या सकाळी मला जशी ऊब मिळाली, तशी कधीच मिळाली नव्हती. आतलं तेल सैल झालं, ठिणगीचा डबा कोरडा झाला. मी पहिल्याच झटक्याला बोललो असतो.

चिंधू सवयीनं मला वळसा घालून कान पाहायला आला.

"तिथंच राह्य," लहानू सीटवरून म्हणाला. "आज मी कान सांभाळतो, तू हँडल मार. सुरू झाला का वर ये. पहिला धडा हाच."

चिंधू थांबला. माझ्या नाकाशी गेला, वाकला, हँडल धरलं. अंगठा बोटांच्या बाजूला. मग मान वर करून विचारलं,

"कान मागं हाये का, भाऊ?"

"हाये," लहानू म्हणाला. "मार."

चार वेळा त्यानं मला हळू फिरवलं. मला ठाऊक होतं काय होणार ते. मी लोखंड आहे. पेट्रोल आलं, ठिणगी पडली की मला पेटावंच लागतं. एरवी दहा-दहा झटके हट्ट धरून बसणारा मी, त्या दिवशी एकदा तरी मुका राहायला हवा होतो. पण पंचफुलेनं मला फार चांगलं शेकलं होतं.

पाचव्यांदा त्यानं झटका दिला, मी पेटलो आणि उलटा फिरलो. हँडल त्याच्या बोटांतून सुटलं आणि उलटं येऊन मनगटाच्या वर बसलं. तुरीची वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. चिंधू गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीतून हाडाचं टोक वर आलं होतं. तो ओरडला नाही. ओरडली पंचफुला.

प्रभाकरराव चहाची कपबशी हातात घेऊनच बाहेर आले.

"काय झालं बे?"

"हँडल उलटं बसलं, मालक," लहानू म्हणाला.

प्रभाकररावांनी चिंधूकडे पाहिलं, त्याच्या धुतलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. बशीतला चहा एक घोट पिऊन ते म्हणाले, "हा काय सीटवर बसाले आलता का? अरे, मजाक केली होती मी. गावात लोकं काय म्हनतीन मले, याले टॅक्टरवर बसवलं तं?"

मी लहानूचा चेहरा पाहत होतो. त्यालाही आत्ताच कळत होतं. त्याची जागा कधी जाणारच नव्हती. तो एका थट्टेला घाबरला होता.

"पाह्यत काय राह्यला?" प्रभाकरराव त्याच्यावर खेकसले. "गव्हाचं पानी खोळंबलं. सुरू कर."

लहानू खाली उतरू लागला. उतरता-उतरता, रोजच्या सवयीनं, त्याचा हात कानाकडे गेला आणि त्यानं तो मागे ओढला. खट्ट असा आवाज झाला.

चिंधू माझ्या पुढच्या चाकाला टेकून बसला होता, मोडका हात मांडीवर घेऊन. त्यानं तो आवाज ऐकला. मान वळवून पाहिलं. लहानूची बोटं अजून कानावरच होती.

"भाऊ," चिंधू हळूच म्हणाला, "तो मागंच होता ना?"

लहानू माझ्या नाकाशी जाऊन हँडलवर वाकला.

त्यानंतरचं मला गड्यांच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी गाड्या कापूस घेऊन वर्ध्याला निघाल्या होत्या. पंचफुलेनं मालकाला पदर पसरून विनवलं, याले गाडीवर बसू द्या म्हणून. प्रभाकरराव म्हणाले, कापसाले रक्त लागलं तं कोन घेईन? तेव्हा चिंधू गाडीच्या मागे-मागे चालत गेला. पंचफुला त्याचा हात दोन्ही हातांवर तोलून शेजारी चालत होती. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली होती. हाड वाकडं जुळलं. उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी मिटली नाही.

महिन्यानं तो गळ्यात झोळी अडकवून अंगणात आला, आणि जे झालं ते त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. चढा आवाज नाही, शिवी नाही. "कान पुढं होता, मालक. लहानूनं केला होता. मी इचारलं होतं त्याले."

प्रभाकररावांनी लहानूला पुढे बोलावलं. "खरं हाये का?"

लहानूनं माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "या गाडीची शपथ, मालक. कान मागंच होता. याचंच ध्यान नव्हतं. नागपूरहून आल्यापासून याचं ध्यान कामावर कुठी हाये?"

गडी माना डोलावू लागले. तेवढंच त्यांना ऐकायचं होतं. प्रभाकररावांनी चिंधूचं साल तिथंच मोडलं आणि आत निघून गेले.

माझी शपथ घेतली गेली, आणि मी गप्प उभा राहिलो.

त्यानंतर पहिले दोन हिवाळे लहानूनंच मला सुरू केलं. हँडलला हात लावायच्या आधी तो पाच-पाच वेळा कान तपासायचा. झटका मारताना डोळे मिटून घ्यायचा. कधी कधी एकटा असला की नुसताच माझ्यासमोर उभा राहायचा, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचा आणि कोणी येताना दिसलं की रॉकेलचा डबा शोधायला लागायचा. एवढं मात्र सांगतो, वस्तीकडे तो कधी गेला नाही.

पुढे नव्या गड्यांना तो हँडल शिकवायला लागला, तेव्हा त्यांना म्हणायचा, "नीट पाह्यजो. चिंधूसारखं नोको करू." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की गावात ती म्हणच पडली. कोणी विळा लावून घेतला, कोणी बैलगाडी नाल्यात घातली, की लोक हसून म्हणायचे, काय रे, चिंधू झाला का? सहा वर्षांत ज्याचा एकदाही हात चुकला नाही, त्याचं नाव गावानं चुकीला दिलं. चिंधूच्या कानावर ते जात असणारच. गाव काही एवढं मोठं नाही.

यंदा प्रभाकररावांनी बटण दाबलं की सुरू होणारा नवा ट्रॅक्टर आणला. लहानू त्याच्यावर बसतो. मला इथे बांधावर आणून सोडलं. माझ्या टाकीत गांधीलमाश्यांनी घर केलंय आणि चाकं मातीत रुतलीत.

काल भंगारवाली दोन माणसं मला पाहायला आली. लहानू त्यांना घेऊन आला होता. त्यांतल्या एकानं सहज माझ्या हँडलला हात घातला.

"जपून," लहानू म्हणाला. "एका अडाण्यानं याच्यावर हात मोडून घेतलता."

पलीकडे बांधावर पंचफुला रोजानं गवत कापत होती. ती सरळ उभी राहिली. केस पिकू लागलेत तिचे. विळा हातात तसाच होता.

"अडाणी नव्हता तो," ती म्हणाली. "इथं त्याच्याएवढं कोनालेच येत नव्हतं. तुले बी नाई."

लहानूनं तिच्याकडे पाहिलं नाही. भंगारवाल्यानं विचारलं, "ही कोण बाई?"

"कोनी नाई," लहानू म्हणाला. "गवतवाली हाये."

ती पुन्हा वाकून गवत कापू लागली.

उद्या घण घेऊन माणसं येतील. माझे तुकडे होतील, कुठल्या तरी भट्टीत वितळतील, आणि त्याचं मला दुःख नाही. चिंधू पवनारच्या रस्त्याला डाव्या हातानं खडी उचलायला जातो म्हणे. त्याला माझं काही देणं उरलं असेल तर ते एवढंच आहे. जे अंगणात बोलता आलं नाही, ते मी तुमच्याजवळ बोललो. आंजीकडे कधी गेलात, तर गावात चारचौघांसमोर, लहानू ऐकेल असं, मोठ्यानं सांगा. चिंधूचं चुकलं नव्हतं.